सहा वर्षांचं शिक्षण, पाच मिनिटांची तपासणी

तुर्कस्तानात १४ मार्च हा दिवस वैद्यक दिन म्हणून साजरा होतो. या तारखेला दोन घटना जोडलेल्या आहेत. सुलतान दुसरा महमूद याने १८२६ मध्ये जुनं जानिसारी सैन्य मोडीत काढून नवी फौज उभारली. त्या फौजेला डॉक्टर आणि शल्यविशारद हवे होते. म्हणून १४ मार्च १८२७ रोजी, राजवैद्य मुस्तफा बेहचेत एफेंदी यांच्या पुढाकाराने, इस्तंबूलमध्ये आधुनिक वैद्यकाची शाळा सुरू झाली. दुसरी घटना १९१९ सालची. पहिल्या महायुद्धातल्या पराभवानंतर शहरात दोस्त राष्ट्रांचं सैन्य होतं आणि हैदरपाशाच्या वैद्यकीय विद्यालयाच्या इमारतीत ब्रिटिश सैनिक ठाण मांडून बसले होते. शाळेच्या वर्धापनदिनाचं निमित्त साधून विद्यार्थ्यांनी इमारतीच्या दोन मनोऱ्यांमध्ये भलामोठा तुर्की झेंडा लावला. हिकमेत नावाचा एक विद्यार्थी त्यांच्या अग्रभागी होता. वैद्यक दिनाची प्रथा तिथून पडली.

डॉक्टरकीचा पेशा आणि देश यांचं नातं तिथे इतकं जुनं आहे. १९२३ मध्ये प्रजासत्ताक स्थापन झालं तेव्हा अख्ख्या देशात जेमतेम साडेपाचशे डॉक्टर असल्याची नोंद आहे. क्षयरोग, हिवताप, खुपऱ्या यांनी गांजलेल्या अनातोलियाच्या खेड्यांत याच पिढीने आणि तिच्या शिष्यांनी काम उभं केलं. पुढे १९६१ मध्ये डॉ. नुसरेत फिशेक यांच्या प्रयत्नांतून आरोग्यसेवा सरकारने गावोगावी न्यावी असा कायदा झाला. त्याची सुरुवात पूर्वेकडच्या मूश या गरीब प्रांतापासून करण्यात आली.

म्हणूनच मार्च २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांचं एक विधान डॉक्टरांच्या फार जिव्हारी लागलं. वैद्यक दिनाला आठवडाही उरला नव्हता, आणि त्यांनी जाहीर भाषणात सांगितलं की जायचं असेल त्यांनी खुशाल जावं, नव्याने पास झालेल्या डॉक्टरांना घेऊन आम्ही काम चालवू. १४ मार्चला त्यांचा सूर मवाळ झाला, पगारवाढीची आणि सुरक्षेची आश्वासनं आली. पण तोवर जाणारे निघालेच होते. ते का निघाले आणि कुठल्या वाटेने गेले हे समजायचं, तर तुर्की डॉक्टर घडतो कसा इथपासून सुरुवात करावी लागते.

डॉक्टर होण्याची वाट

बारावीनंतर तिथे एकच राष्ट्रीय प्रवेश परीक्षा असते. दरवर्षी तिला लाखो मुलं बसतात. वैद्यकीय शाखेला अर्ज करायचा तर राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या पन्नास हजारांत यावं लागतं, आणि हाजेत्तेपे किंवा जेर्राहपाशासारख्या नामांकित ठिकाणी जागा हवी असेल तर त्याच्याही कितीतरी वर. आज देशात शंभराहून अधिक वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. बहुतेक ठिकाणी तुर्कीतून शिकवतात. मारमारा विद्यापीठात आणि हाजेत्तेपे, जेर्राहपाशाच्या काही तुकड्यांत इंग्रजी माध्यम आहे.

अभ्यासक्रम सहा वर्षांचा. पहिली तीन वर्षं शरीररचना, शरीरक्रिया, विकृतीशास्त्र अशा पायाभूत विषयांची. चौथ्या-पाचव्या वर्षी विद्यार्थी वॉर्डात येतो आणि मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग अशा विभागांत पाळीपाळीने शिकतो. सहावं वर्ष इंटर्नचं. आपल्याकडे इंटर्नशिप पदवीच्या अभ्यासक्रमानंतर वेगळी धरतात, तिथे ती सहा वर्षांतच मोडते. रात्रपाळ्या, रक्ताचे नमुने, ड्रेसिंग, केसपेपर ही सगळी कामं इंटर्नच्या अंगावर पडतात.

पदवी हातात आली की समोर दोन फाटे येतात. पहिला सक्तीच्या सरकारी सेवेचा. तुर्कीत तिला 'मेजबुरी हिझमेत' म्हणतात. ही कल्पना प्रजासत्ताकाच्या पहिल्या वर्षापासूनची आहे. १९८१ मध्ये ती नव्या कायद्याने आली, २००३ मध्ये रद्द झाली आणि २००५ मध्ये पुन्हा लागू झाली. नेमणूक सोडतीने होते. इराक-इराणच्या सीमेवरच्या हक्कारीत जायचं की पश्चिमेच्या एखाद्या शहरात, हे त्या सोडतीतून कळतं. जिल्हा जितका मागास तितके सेवेचे दिवस कमी, असा हिशेब आहे. ही मुदत ३०० ते ६०० दिवसांची असते आणि ती पुरी केल्याशिवाय देशात स्वतंत्रपणे डॉक्टरकी करता येत नाही. महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना बाँडची सेवा परिचयाची आहे. तुर्कस्तानात ती एकदा करून संपत नाही. स्पेशालिस्ट झाल्यावर पुन्हा करावी लागते आणि सुपरस्पेशालिटी केली तर आणखी एकदा. पस्तिशी ओलांडलेला, मुलंबाळं असलेला डॉक्टरही सोडतीच्या निकालाकडे डोळे लावून बसतो.

दुसरा फाटा 'तुस' नावाच्या स्पेशालिटी प्रवेश परीक्षेचा. ती १९८७ पासून चालू आहे, वर्षातून दोनदा होते, आणि पायाभूत व क्लिनिकल अशा दोन भागांत बहुपर्यायी प्रश्न असतात. शिवाय परकीय भाषेच्या परीक्षेत किमान गुण लागतात. आपल्याकडच्या नीट-पीजीभोवती जसे क्लास, टेस्ट सिरीज आणि गमावलेली वर्षं आहेत, तसंच तिथे तुसभोवती आहे. अनेक विद्यार्थी पाचव्या वर्षापासूनच वॉर्डातला वेळ कमी करून प्रश्नसंचाला लागतात. ज्या वयात रुग्णाच्या पोटावर हात ठेवून शिकायचं, ते वय पर्याय निवडण्यात जातं. वैद्यक शिकवणाऱ्या प्रत्येकाला याची चिंता वाटायला हवी.

तुसच्या निकालात अलीकडे एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्वचारोगासारख्या, रात्रपाळी नसलेल्या शाखांसाठी चढाओढ लागते, आणि जनरल सर्जरी, बालरोग यांसारख्या एकेकाळच्या मानाच्या शाखांत जागा रिकाम्या राहतात. सर्जरीत रात्रीची ड्युटी आहे, खटल्यांची भीती आहे आणि संतापलेल्या नातेवाइकांना सामोरं जाणं आहे. तरुण डॉक्टर कुठल्या शाखेपासून दूर पळतात हे पाहिलं की पुढे ते देशापासून दूर का जातात याचा अर्धा उलगडा होतो.

रुग्णापाठोपाठ रुग्ण

तुर्कस्तानने २००३ पासून आरोग्यव्यवस्थेत मोठे बदल केले. वेगवेगळ्या विमा योजना एका छत्राखाली आल्या, प्रत्येक कुटुंबाला ठरलेला फॅमिली डॉक्टर मिळाला, मोठमोठी 'शहर रुग्णालयं' उभी राहिली. सर्वसामान्य माणसाला दवाखाना जवळ आला, हे या बदलांचं खरं यश आहे आणि ते मोकळ्या मनाने मान्य करायला हवं. पण त्याचा भार कुणी उचलला? ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटात २०२१ मध्ये दर हजार लोकांमागे सरासरी ३.७ डॉक्टर होते, तुर्कस्तानात हे प्रमाण सव्वादोनच्या आसपास राहिलं. कोविडच्या साथीपूर्वी तिथला माणूस वर्षाला सरासरी नऊ-दहा वेळा डॉक्टरकडे जात होता. डॉक्टर कमी आणि भेटी जास्त, म्हणजे प्रत्येक भेटीला वेळ तुटपुंजा.

रुग्ण १८२ क्रमांकावर फोन करून किंवा ॲपवरून वेळ ठरवतो. अनेक विभागांत या वेळा पाच-पाच मिनिटांच्या अंतराने दिल्या जाऊ लागल्या. पाच मिनिटांत काय होतं ते नीट पाहू. रुग्ण आत येतो, बसतो. म्हातारा असेल तर कोट काढायलाच एक मिनिट जातं. तक्रार ऐकायची, जुने रिपोर्ट उघडायचे, रक्तदाब पाहायचा, छाती तपासायची, संगणकात नोंद करायची, तपासण्या लिहायच्या, औषध कसं घ्यायचं ते सांगायचं. यातलं काहीतरी गळणारच, आणि बहुधा गळतं ते समजावून सांगणं. रुग्ण असमाधानी बाहेर पडतो, दुसरी वेळ घेतो, आणि रांग आणखी लांबते. पाच मिनिटांत तपासणी होत नाही, ही तुर्की वैद्यक संघटनेची घोषणा झाली ती यामुळेच.

निवासी डॉक्टरांचे हाल वेगळेच. सकाळी कामावर आलेला निवासी डॉक्टर रात्रीची ड्युटी करतो आणि दुसऱ्या दिवशीचं नेहमीचं कामही संपवून मग घरी जातो. सलग छत्तीस तासांच्या अशा पाळ्या अनेक विभागांत वर्षानुवर्षं चालत आल्या.

या सगळ्यावर कडी केली ती मारहाणीने. १७ एप्रिल २०१२ रोजी गाझियानतेपमधल्या सरकारी रुग्णालयात एरसिन आर्सलान या तरुण सर्जनचा मृत रुग्णाच्या नातवाने भोसकून खून केला. त्याच वर्षी रुग्णालयांत 'बेयाझ कोद', म्हणजे पांढरा इशारा, ही व्यवस्था आली. हल्ला झाला की इशारा द्यायचा आणि सुरक्षारक्षक धावून येणार. तरीही ६ जुलै २०२२ रोजी कोन्याच्या शहर रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ एक्रेम काराकाया यांना गोळ्या घालून मारलं गेलं. देशभर डॉक्टर संपावर गेले. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे चित्र अनोळखी नाही. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी २०१० मध्ये कायदा झाला, तरी आपल्या निवासी डॉक्टरांच्या मार्ड या संघटनेला सुरक्षेसाठी पुन्हा पुन्हा काम बंद करावं लागलं आहे.

पैशाची बाजूही आहेच. २०२१ या एका वर्षात लिराने डॉलरच्या तुलनेत सुमारे ४४ टक्के किंमत गमावली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी आकड्यांनुसारच महागाई ८५ टक्क्यांवर पोचली. पगार वाढले, पण घरभाडं त्यांच्या पुढे धावलं.

याचा परिणाम एका साध्या कागदातून मोजता येतो. परदेशात नोंदणी करायची तर स्वतःच्या देशातून सद्वर्तनाचा दाखला लागतो. या डॉक्टरवर कारवाई झालेली नाही, असं सांगणारा हा कागद तुर्की वैद्यक संघटना देते. २०१२ मध्ये संघटनेकडून असे ५९ दाखले गेले. २०२१ मध्ये १,४०५, २०२२ मध्ये २,६८५ आणि २०२३ मध्ये ३,०२५. दाखला घेणारा प्रत्येकजण जातोच असं नाही. पण जाण्याचा विचार किती घरांत शिरला, हे त्यातून नक्की कळतं.

वाट जर्मनीची

यातल्या फार मोठ्या गटाचा ओढा जर्मनीकडे आहे. त्याचं कारण थोडं इतिहासात शोधावं लागतं, कारण या वाटेवर पहिली पावलं उमटली ती उलट दिशेने.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच ज्यू आणि विरोधी विचारांच्या प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढण्यात आलं. फ्रँकफुर्टचे विकृतीशास्त्रज्ञ फिलिप श्वार्ट्झ झ्युरिकला निसटले आणि तिथे त्यांनी अशा बेकार विद्वानांना काम मिळवून देणारी संघटना उभारली. त्याच वेळी प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क इस्तंबूलचं जुनं दारुलफुनून बंद करून नवं विद्यापीठ स्थापत होते. त्याच उन्हाळ्यात श्वार्ट्झ तुर्कस्तानला गेले, सरकारशी बोलणी केली, आणि जर्मन प्राध्यापकांचा मोठा जथा इस्तंबूलला आला. करारात अट होती की तीन वर्षांत तुर्कीतून शिकवायला लागायचं आणि तुर्कीत पाठ्यपुस्तकं तयार करायची. तोवर व्याख्यानाला शेजारी दुभाषा उभा असे.

सर्जन रुडॉल्फ निसेन हे त्यांतलेच. अन्ननलिकेचा खालचा भाग काढल्यावर ती जठराशी जोडताना त्यांनी इस्तंबूलमध्ये वापरलेल्या एका युक्तीमुळे रुग्णाची जळजळ थांबल्याचं त्यांना पुढे लक्षात आलं. त्यातून १९५६ मध्ये त्यांची फंडोप्लिकेशनची शस्त्रक्रिया जगासमोर आली. आजही जगभर ती निसेनच्या नावाने होते. बालरोगतज्ज्ञ आल्बर्ट एकश्टाइन अंकाराला राहिले, अनातोलियाची खेडी फिरले आणि बालमृत्यूंच्या नोंदी केल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या इहसान दोरामाजी यांनी पुढे हाजेत्तेपे विद्यापीठ स्थापलं.

३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी मजूरभरतीचा करार केला. इस्तंबूलच्या भरती कार्यालयात जर्मन डॉक्टर तुर्की तरुणांचे दात, छाती, लघवी तपासून कामाला लायक कोण ते ठरवत. त्या मजुरांची पिढी आता म्हातारी झाली आहे, जर्मन रुग्णालयांत दाखल होते आहे, आणि तिला तुर्कीतून बोलणारा डॉक्टर भेटला की हायसं वाटतं.

तुर्कस्तान युरोपीय संघात नाही, त्यामुळे तिथल्या पदवीला जर्मनीत आपोआप मान्यता मिळत नाही. पण १ एप्रिल २०१२ पासून कायमच्या परवान्यासाठी, म्हणजे 'आप्रोबात्सिओन'साठी, जर्मन किंवा युरोपीय नागरिकत्वाची अट उरली नाही. दार उघडलं ते तिथे. प्रत्येक राज्याचं खातं वेगळं, त्यामुळे कागदपत्रांचे नियमही थोडे वेगळे. अभ्यासक्रमाची तुलना होते, उणीव निघाली तर ज्ञानचाचणी द्यावी लागते. ती तोंडी आणि प्रात्यक्षिक असते, मुख्यतः मेडिसिन आणि सर्जरीवर, आणि नापास झाल्यास दोनदा पुन्हा देता येते.

पण बहुतेकांची खरी झोप उडते ती भाषेने. आधी सर्वसाधारण जर्मनची बी-२ पातळी, मग वैद्यकीय जर्मनची वेगळी परीक्षा. ती एक तासाची, वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांची. पहिल्या भागात रुग्णाचं सोंग घेतलेला माणूस समोर असतो. तो पुस्तकी भाषा बोलत नाही, घरगुती शब्दांत दुखणं सांगतो. त्याचं ऐकायचं, नेमके प्रश्न विचारायचे, त्याच्या भीतीला उत्तर द्यायचं. दुसऱ्या वीस मिनिटांत तेच सगळं डॉक्टरी पत्रात लिहून काढायचं. तिसऱ्यात ज्येष्ठ डॉक्टरपुढे तीच केस लॅटिन संज्ञांसह मांडायची. एकच दुखणं तीन तोंडांनी सांगायचं असतं. दहा वर्षं सर्जरी केलेला माणूसही इथे अडखळतो, कारण हाताचं कसब इथे उपयोगी पडत नाही.

एवढं करूनही जर्मनी का? कारण तिथे तुससारखी परीक्षा नाही. परवाना मिळाला की डॉक्टर सरळ रुग्णालयाकडे अर्ज करतो, मुलाखत होते, आणि प्रशिक्षणार्थी डॉक्टर म्हणून पाच-सहा वर्षांत स्पेशालिस्ट होता येतं. छोट्या गावांतल्या रुग्णालयांना माणसं हवीच असतात. अनातोलियाच्या ज्या गावी सोडतीने जावं लागेल म्हणून मन धास्तावत होतं, तसल्याच आडगावी तो जर्मनीत आपणहून राहतो. मग आडगाव हे काही त्याचं दुखणं नव्हतं. तिथे ड्युटीचे तास लेखी ठरलेले असतात, रात्रपाळीनंतर सुट्टी असते आणि पुढच्या वर्षी आपण कुठे असू हे त्याला आज माहीत असतं.

ब्रिटन आणि अमेरिका

ब्रिटनची वाट भारतीय डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीची आहे. इंग्रजीची परीक्षा, मग प्लॅब या परीक्षेचे दोन भाग. पहिल्यात तीन तासांत १८० प्रश्न. दुसरा मँचेस्टरला जाऊन द्यावा लागतो. तिथे एकामागून एक खोल्यांत बनावट रुग्ण असतात आणि प्रत्येकाशी वागणं, बोलणं, तपासणं यांचे गुण मिळतात. त्यानंतर जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदणी. आधीच स्पेशालिस्ट असलेल्यांना आपल्या कामाचे पुरावे सादर करून तज्ज्ञांच्या यादीत जाता येतं, पण त्या पुराव्यांची फाइल जमवायलाच वर्षं लागतात. नोंदणी झाली म्हणजे नोकरी मिळाली असंही नाही. अलीकडे एकेका जागेसाठी अर्जांचा ढीग पडतो.

अमेरिकेची वाट सर्वांत लांब. यूएसएमएलई या परवाना परीक्षेच्या पायऱ्या, पदवीची पडताळणी, आणि मग रेसिडेन्सीची राष्ट्रीय जुळणी, जिचा निकाल मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी लागतो. तुर्कस्तानात पूर्ण प्रशिक्षित सर्जन असला तरी बहुतेक राज्यांत त्याला रेसिडेन्सी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. टेनेसीसारख्या काही राज्यांनी अलीकडे हा नियम सैल करायला घेतला आहे. तुर्की विद्यार्थ्यांच्या बाजूने एक चांगली गोष्ट अशी की त्यांच्या देशातल्या वैद्यकीय शिक्षणाचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेला २०१३ मध्येच जागतिक मान्यता मिळाली. आता अमेरिका अशा मान्यतेकडे बारकाईने पाहते.

जागा वाढवल्या, पुढे काय?

तुर्की डॉक्टरांनी बाहेर मोठं काम केल्याचे दाखले आहेत. तुर्कस्तानातल्या लिजेच्या परिसरात जन्मलेले गाझी याशारगिल झ्युरिकला गेले आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूची शस्त्रक्रिया करण्याचं तंत्र त्यांनी जगाला शिकवलं. अशी माणसं बाहेर गेली म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. विद्या फिरतच असते. निसेन आणि एकश्टाइन आले नसते तर आजचं तुर्की वैद्यक वेगळं दिसलं असतं. तुर्कस्तान स्वतःही बाहेरच्या डॉक्टरांना जागा देतो. युद्धातून पळून आलेल्या सिरियन डॉक्टरांना प्रशिक्षण देऊन तिथल्या स्थलांतरित आरोग्य केंद्रांत कामाला घेतलं गेलं.

चिंता आहे ती अशा डॉक्टरांची, ज्यांना जायचं नव्हतं. एकेका डॉक्टरमागे सहा वर्षं कॉलेजची, एक-दीड वर्ष सक्तीच्या सेवेचं, चार-पाच वर्षं स्पेशालिटीची, म्हणजे जवळपास बारा वर्षं देश गुंतवतो. त्यानंतर त्याला पाच मिनिटांत रुग्ण तपासायला बसवायचं, छत्तीस तास जागं ठेवायचं आणि वॉर्डात मार खाऊ द्यायचा, हा त्या बारा वर्षांचा अपमान आहे. कॉलेजं वाढवून हे भरून निघत नाही. शंभरावर महाविद्यालयं असताना सर्जरीच्या जागा रिकाम्या राहतात, हा त्याचा पुरावा आहे.

महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यात नवी वैद्यकीय महाविद्यालयं उभी राहत आहेत आणि ती हवीच आहेत. पण आपले राज्यकर्ते एमबीबीएसच्या किती जागा वाढल्या हे अभिमानाने सांगतात, तेव्हा त्यांना आपण आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत. सरकारी दवाखान्यात एका रुग्णाला किती मिनिटं मिळतात, निवासी डॉक्टर सलग किती तास जागा असतो, आणि हल्ला झाला तर किती मिनिटांत मदत पोचते? डॉक्टर देशात राहतील की नाही हे या तीन उत्तरांवर ठरतं. तुर्कस्तानने हे प्रश्न उशिरा विचारले. त्याची किंमत आज तिथला रुग्ण मोजतो आहे, महिनोन्महिने न मिळणाऱ्या अपॉइंटमेंटच्या रूपाने. आपल्या हातात अजून वेळ आहे. तो बाँडच्या रकमा वाढवण्यात घालवू नये.